१६ एप्रिलच्या खुंटीवर काय काय टांगायचं?

घणसोलीच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: "पाचवीच्या वर्गाकडे १६ एप्रिलचा परिपाठ आला आहे. दिनविशेष शोधायला गेले तर चाळीसेक घटनांची यादी हाती आली. लढाया, जन्म, मृत्यू, करार, स्फोट, सगळं एका माळेत. यातलं मुलांना काय सांगू, कसं सांगू? आणि एकाच दिवशी एवढं सगळं कसं घडलं, असं कुणी विचारलं तर?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मुलं तोच आधी विचारतात. ठाण्यात २८ वर्षं इतिहास शिकवला, त्यातली बरीच वर्षं परिपाठ माझ्याच गळ्यात होता. दिनविशेष वाचून झाला की एखादं पोर हात वर करून म्हणायचंच, "बाई, ही तारीख लकी आहे का?"

मी सांगायचे, दिवस वेगळा आणि तारीख वेगळी. १८५३ चा १६ एप्रिल आणि १९७२ चा १६ एप्रिल हे दोन निराळे दिवस, मध्ये ११९ वर्षं. नाव तेवढं एक. आपल्या वर्गात दोन आदित्य असतात, म्हणून ते भाऊ होतात का? एवढ्यावर पाचवीच्या मुलांचं समाधान होतं. नाही झालं तर फळ्यावर सगळ्यांचे वाढदिवस लिहून घ्या. ४० जणांच्या वर्गात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघण्याची शक्यता ८९ टक्के असते; २३ जण असले तरी निम्म्याहून थोडी जास्तच. मुलं आधी "नाही निघणार" म्हणून पैज लावतात आणि मग जोडी सापडली की वर्ग डोक्यावर घेतात. वर्षाला तारखा ३६५ आणि नोंदलेला इतिहास हजारो वर्षांचा, तेव्हा कुठलीही तारीख उचला, चाळीस घटना निघणारच. तारीख ही भिंतीतली खुंटी आहे. तिच्यावर टोपी, छत्री आणि दप्तर टांगलं म्हणून त्या तिघांचं एकमेकांशी नातं लागत नाही.

आता निवड. परिपाठात दिनविशेषाला तीन-चार मिनिटं मिळतात, त्यात चाळीस सोडा, दहाही घटना बसत नाहीत. मी एक मोठी आणि तीन-चार छोट्या घेते. १६ एप्रिलची मोठी कोणती हे तुम्हाला आणि मला ठरवावं लागतच नाही, कारण ती आपल्या दारात संपली.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी. पुढे तीन इंजिनं, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. ही नावं मुलांना सांगाच. सन विसरतील, ही तीन नावं विसरणार नाहीत. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीची, आणि ती इथे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. नाना शंकरशेट मूळचे मुरबाडचे, आपल्याच ठाणे जिल्ह्यातले, हे मुलांना ठाऊक नसतं.

इथे माझी एक फजिती सांगते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी परिपाठात ठणकावून सांगितलं की पहिली गाडी "आजच्या सीएसटीच्या भव्य इमारतीतून" सुटली. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा आला. त्याचे आजोबा रेल्वेत सुतार होते. "बाई, आजोबा म्हणतात ती बिल्डिंग तेव्हा नव्हतीच." नव्हतीच! ती इमारत १८८८ साली पुरी झाली, गाडी सुटल्यावर ३५ वर्षांनी. १८५३ ला तिथं बोरीबंदरचं साधं लाकडी स्टेशन होतं. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी चूक कबूल केली आणि दुरुस्ती त्याच मुलाकडून वाचून घेतली. तेव्हापासून कुठल्याही घटनेसोबत मागे कोणती इमारत दिसली पाहिजे आणि कोणती दिसता कामा नये, हे आधी तपासते. विजेचे खांबही नकोत: मुंबईत पहिली विजेवरची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. मुलं चित्र काढतात तेव्हा लोकलच काढतात. काढू द्या, मग विचारा, "धूर कुठाय?" आपल्या भाषेनं तो धूर शब्दात धरून ठेवला आहे, आगगाडी. खेड्यातल्या आज्या तर आगीनगाडी म्हणत.

'पहिली' हा शब्दही जपून वापरा. भारतात रुळांवरून मालवाहतूक याआधी झाली होती. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी, आणि रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामात १८५१ मध्ये. म्हणून नेहमी "पहिली प्रवासी गाडी" म्हणायचं. एका विशेषणानं वाक्य खरं होतं.

गाडीला किती वेळ लागला? कुठे ५७ मिनिटं वाचाल, कुठे सव्वा तास. मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे आणि एकही पुसायचे नाही. वर्तमानपत्रं आणि पुस्तकं एकाच घटनेबद्दल वेगळं सांगतात हे पाचवीत कळलेलं बरं. आजची धीमी लोकल सीएसएमटीहून ठाण्याला साधारण तासभर घेते म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज येतोच, "म्हणजे काहीच फरक नाही?" फरक काय, तो त्यांनाच शोधू द्या. तेव्हा दिवसाला गाड्या किती आणि आज किती, मधली स्टेशनं किती, आत बसलेले किती.

घड्याळाची एक गंमत आहे, ती मला फार उशिरा सुचली. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली. त्याआधी मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालायचं, आणि ते आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचं. (नंतरही मुंबईनं आपली वेळ कित्येक वर्षं हट्टानं जपली, ते वेगळं प्रकरण.) म्हणजे तेव्हाचे तीन पस्तीस हे आजचे चार चौदा. गाडी ठाण्याला टेकली ती आपल्या घड्याळात सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान. शाळा सुटून मुलं घरी पोचतात तीच वेळ.

गाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे खाडी होती. तिच्यावरचा पूल आणि पारसिकच्या डोंगरातले बोगदे झाल्यावर १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. तुमची घणसोली त्या वेळी खाडीकाठचं गाव होतं. नवी मुंबईला रेल्वेची वाट बघावी लागली ९ मे १९९२ पर्यंत, तेव्हा वाशीला लोकल आली, आणि ठाण्याला जोडणारी ट्रान्स हार्बर २००४ मध्ये. ठाण्याला गाडी येऊन दीडशे वर्षं झाल्यावर खाडीपलीकडच्या मुलांना ठाण्याची लोकल मिळाली. नकाशावर बोट ठेवून हे दाखवलं की वर्ग दोन मिनिटं गप्प बसतो.

आता छोट्या घटना. १६ एप्रिल १८६७, विल्बर राइट यांचा जन्म, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात. सायकलींचं दुकान चालवणारे दोन भाऊ, १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडवलं. पहिलं उड्डाण धाकट्या ऑर्व्हिलचं, १२ सेकंदांचं, १२० फूट. त्या दिवशीचं सगळ्यांत लांब विल्बरचं, ५९ सेकंद. मुलांना बारापर्यंत मोजायला लावा, पटकन. झालं, एवढंच होतं ते.

त्याच तारखेला, १९७२ मध्ये, अपोलो १६ चंद्राकडे निघालं. जॉन यंग, चार्ल्स ड्यूक आणि केन मॅटिंग्ली. यंग आणि ड्यूक चंद्रावर उतरले, मॅटिंग्ली वर घिरट्या घालत राहिले. ड्यूक ३६ वर्षांचे होते, चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांत सगळ्यांत तरुण. त्यांनी बायको आणि दोन मुलांसोबतचा आपला घरचा फोटो चंद्राच्या मातीवर ठेवून दिला. तुमच्या वर्गात कितीही दंगा चालू असला तरी या वाक्याला तो थांबेल.

सोळा तारखेला सोळावं अपोलो! यावर मुलं हमखास उड्या मारतात. तेव्हा सांगायचं की ते यान खरं तर १७ मार्चला जायचं होतं, तांत्रिक अडचणींमुळे महिनाभर लांबलं. त्याहून मजा पुढे आहे. फ्लोरिडात यान सुटलं तेव्हा दुपारचे १२ वाजून ५४ मिनिटं झाली होती. आपल्याकडे रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटं. अजून ३६ मिनिटं उशीर झाला असता तर आपल्या कॅलेंडरवर ती घटना १७ एप्रिलची झाली असती. आणि चंद्रावर उतरताना तेच झालं. अमेरिकेत २० एप्रिलची रात्र, इथे २१ एप्रिलची सकाळ, आठला काही मिनिटं कमी. आपली मुलं शाळेची तयारी करत असतील तेव्हा. तारीख कुणाच्या अंगणातली, हे विचारायची सवय इथून लावता येते.

मुंबई-ठाणे, मग १२ सेकंद हवेत, मग चंद्र. १६ एप्रिलच्या खुंटीवर प्रवासाच्या या तीन गोष्टी अशा नीट बसतात की मोह होतो. मी हा क्रम वापरते, मुलांच्या लक्षात राहतो. पण शेवटी सांगते की ही माळ बाईंनी ओवली आहे, तारखेनं नाही.

या माळेत न बसणारी एक घटना मुद्दाम घ्या. १६ एप्रिल १९६६ ला चित्रकार नंदलाल बोस गेले. शांतिनिकेतनात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पानं चित्रांनी सजवली. दोनच दिवस आधी, १४ एप्रिलला, तुम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती साजरी केलेली असते, संविधानाची उद्देशिका म्हटलेली असते. तर ज्यांनी त्या पानांवर चित्रं काढली त्यांची आठवण दोन दिवसांत यावी, हे मला आवडतं. चित्रकलेच्या बाईंना हा भाग द्या.

चार्ली चॅप्लिनचा जन्मही १६ एप्रिलचा, १८८९, लंडन. पण त्याच्या जन्माची अधिकृत नोंद सापडलेलीच नाही; ही तारीख तो स्वतः सांगायचा, ती. यावर वर्ग म्हणतो, असं कसं? मग मी घरचं उदाहरण देते. मुलांना सांगा, घरी जाऊन आजी-आजोबांची आधार कार्डावरची जन्मतारीख बघून या. बघा किती जणांची १ जून निघते! पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. "ज्या वर्षी मोठा पूर आला" किंवा "थोरलीच्या लग्नाच्या साली" एवढंच आई सांगायची. मग गुरुजी जूनमध्ये वय बसेल अशा बेतानं १ जून टाकायचे. माझ्या सासऱ्यांचा, त्यांच्या भावाचा आणि शेजारच्या काकांचा वाढदिवस एकाच तारखेला, आणि तिघांचाही खरा वाढदिवस दुसराच. तेव्हा कागदावरची तारीख कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली, हे विचारायला चॅप्लिनपर्यंत जायची गरज नाही.

तुमच्या यादीतल्या दोन नोंदींबद्दल सावध करते, कारण त्या शेजारी-शेजारी बसून फसवतात. एक, १६ एप्रिल १९१७, लेनिन परदेशातून आगगाडीनं रशियात, पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर परतले. दुसरी, १६ एप्रिल १७४६, स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई. लेनिन उतरले त्या दिवशी पेट्रोग्राडच्या लोकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ३ एप्रिल होता. रशिया तेव्हा जुनं जुलियन कॅलेंडर पाळत होता, ते १३ दिवस मागे होतं. यादी करणाऱ्यानं ही तारीख नव्या कॅलेंडरात बदलून घेतली. कलोडनची मात्र बदलली नाही! ब्रिटननंही नवं कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारलं (२ सप्टेंबरला झोपले, उठले तर १४ सप्टेंबर), म्हणून ती लढाई आजच्या हिशेबानं २७ एप्रिलची. एकाच यादीत एक तारीख नव्या मापानं, दुसरी जुन्या. पाचवीला हे सगळं सांगू नका, झोपलेल्या ब्रिटनची गोष्ट तेवढी सांगा. पण तुम्हाला माहीत असू दे.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. १९ फेब्रुवारी १६३० ही त्याची जुलियन तारीख, आजच्या कॅलेंडरानं मोजली तर १ मार्च. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला, कुणी तिथीनं करतं. मुलानं विचारलं की दोनदा का, तर हिशेब दाखवा, वाद घालू नका.

गाळायचं काय? बर्लिनवरचा १९४५ चा अखेरचा रशियन हल्ला १६ एप्रिललाच सुरू झाला; पाचवीसाठी सोडून द्या. टेक्सस सिटीच्या बंदरात १९४७ मध्ये अमोनियम नायट्रेटनं भरलेलं जहाज फुटलं, तीही घटना लहानांसाठी जड आहे. पण १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, आणि तो १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. अग्निशमन दलाचे लोक शाळेत प्रात्यक्षिकाला येणार असतील तर त्यांच्याकडूनच गोदीची गोष्ट ऐकवा. आपण सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेली मुलं नीट ऐकतात.

घटना ठरल्या की सुतळी घ्या. एका वर्षाला २ सेंटिमीटर. १८५३ पासून आजपर्यंत साडेतीन मीटरच्या आत-बाहेर येते, वर्गाच्या एका भिंतीवर आरामात बसते. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कार्डं लावा. आगगाडीपासून विल्बरचं कार्ड २८ सेंटिमीटरवर, चंद्राचं २ मीटर ३८ सेंटिमीटरवर. मग प्रत्येकानं स्वतःचा जन्म लावायचा. दहा वर्षांच्या मुलाचं सगळं आयुष्य त्या सुतळीवर वीतभर येतं. आजीचा चिमटा कुठे येतो ते बघायला मुलं घरून सन विचारून येतात. अशा वेळी शाळेचा पत्रा गळत असला तरी मला काही वाटायचं नाही.

परिपाठात बोलायला मुलीला साधारण असं लिहून द्या, पाठ करून नाही, दोनदा वाचून बोलू द्या:

"आज १६ एप्रिल. १८५३ साली याच तारखेला, शनिवारी दुपारी, बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. तिला १४ डबे होते आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ३४ किलोमीटरला तिला एक तास लागला की सव्वा तास, यावर पुस्तकांचं एकमत नाही. १८६७ साली याच तारखेला विल्बर राइट जन्मले. १९७२ साली याच तारखेला अपोलो १६ चंद्राकडे निघालं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटं झाली होती. १९६६ साली याच तारखेला नंदलाल बोस यांचं निधन झालं. त्यांनी आपल्या संविधानाच्या पानांवर चित्रं काढली. माझा प्रश्न: साहिब, सिंध आणि सुलतान ठाण्याला पोचले तेव्हा पुढे का गेले नाहीत? उत्तर उद्याच्या परिपाठात."

हा शेवटचा प्रश्न ठेवाच. खाडी हे उत्तर मुलं स्वतः काढतील, कारण ऐरोलीचा पूल त्यांनी रिक्षातून, बसमधून ओलांडलेला असतो.

वार्षिक परीक्षेआधी एखादी मोकळी दुपार मिळाली आणि मुख्याध्यापकांची परवानगी निघाली, तर वर्ग ठाणे स्टेशनला घेऊन जा. घणसोलीहून रबाळे, ऐरोली, दिघा गाव, मग ठाणे. गर्दीची वेळ टाळा आणि दोन पालक सोबत ठेवा. स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी पाच मिनिटं मोजायची, बस. आम्ही मोजली तेव्हा एका मुलीनं वहीत आकडा लिहिला आणि खाली स्वतःहून एक ओळ घातली: "१८५३: १."